बराकीत निवणारे अन्न

कारागृहात भेटीच्या खिडकीशी उभ्या राहिलेल्या आईचा पहिला प्रश्न खटल्याविषयी क्वचितच असतो. "दोन वेळा जेवतोस ना?" एवढेच ती विचारते, आणि त्याचे उत्तरही बहुधा ठरलेले असते : मिळते, पण गार. गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा निघाला तेव्हा जुन्या जिल्ह्याचे कारागृह भंडाऱ्याच्या वाट्यास आले. साहजिकच गोंदिया शहराला लागून असलेल्या फुलचूरसारख्या गावातील एखादा तरुण न्यायाधीन बंदी म्हणून आत गेला की त्याच्या घरच्यांना भेटीसाठी आगगाडी किंवा एस. टी. गाठावी लागत आली आहे. इतक्या दुरून आलेल्या माणसांच्या दहा-पंधरा मिनिटांच्या बोलण्यात जेवणाचा विषय निघावा, यात नवल नाही. नवल आहे ते निराळेच. ही तक्रार इतकी जुनी आणि इतकी सार्वत्रिक आहे की ऐकणाऱ्याला ती तक्रार वाटेनाशी झाली आहे. तुरुंगातले अन्न गारच असायचे, असे समाजाने जणू गृहीत धरून टाकले आहे. हे गृहीत एकदा तपासून पाहण्याजोगे आहे. कारण अन्न गार का होते, या साध्या प्रश्नाच्या पाठीमागे लागले असता कारागृहाच्या अर्थकारणाचा बराच भाग उलगडत जातो.

बाहेरच्या माणसाला प्रथम कारागृहाचे घड्याळ समजून घ्यावे लागते. आपल्याकडील कारागृहांची सारी दिनचर्या सूर्याशी बांधलेली आहे. सकाळी बराकी उघडतात, मोजणी होते, चहा व न्याहारी मिळते. दुपारचे जेवण दहा-अकराच्या सुमारास वाटले जाते. सायंकाळचे जेवण चार ते पाच, फार तर साडेपाचच्या आसपास हाती पडते आणि त्यानंतर सूर्यास्ताच्या आत पुन्हा मोजणी होऊन बराकींना कुलपे लागतात. फुलचूरमधील कोणत्याही घरात चार वाजता रात्रीच्या भाताचे आधणही ठेवलेले नसते. ज्या माणसाने बाहेर असताना जन्मभर रात्री आठ-नऊला जेवण घेतले, त्याला पाच वाजता भूक लागत नाही. तो ताट झाकून ठेवतो. ताटलीवर ताटली, तीवर एखादे फडके. रात्री आठला तो झाकण काढतो तेव्हा आमटीवर साय धरलेली असते, भाताचे ढेकूळ झालेले असते आणि पोळीचा वातड चामडा. ज्याला हे नको असेल त्याने पाचला जेवावे आणि दुसऱ्या दिवशीच्या न्याहारीपर्यंत चौदा तास उपाशी राहावे, एवढाच पर्याय त्याच्यापुढे असतो.

या संदर्भात कागदोपत्री काय लिहिले आहे, हे पाहणे उद्बोधक ठरेल. महाराष्ट्राची कारागृह नियमावली १९७९ साली प्रसिद्ध झाली. तीत आहाराचे स्वतंत्र प्रकरण असून धान्य, डाळ, भाजी, तेल यांची मापे ग्रॅममध्ये ठरवून दिलेली आहेत. केंद्रीय गृहमंत्रालयाने २०१६ मध्ये तयार केलेल्या आदर्श कारागृह नियमावलीने आणखी एक पाऊल पुढे टाकले. शिजलेले अन्न वाटप होईपर्यंत झाकलेले असावे व गरम राहावे, अशी अपेक्षा तीत व्यक्त झाली. वाचताना समाधान वाटते. परंतु यातील "वाटप होईपर्यंत" हे शब्द पुन्हा एकदा वाचावेत. वाटप पाचला होते. नियमाची जबाबदारी पाच वाजता संपते आणि बंद्याचे जेवण आठला सुरू होते. मधल्या तीन तासांना कोणताच नियम लागू नाही. संयुक्त राष्ट्रसंघाने २०१५ साली स्वीकारलेले आणि नेल्सन मंडेलांच्या नावाने ओळखले जाणारे नियम या बाबतीत अधिक सावध आहेत. त्यांतील बाविसावा नियम पौष्टिक, नीट शिजवलेल्या व नीट वाढलेल्या अन्नाची मागणी करतोच, शिवाय ते अन्न नेहमीच्या वेळी मिळावे असेही सांगतो. वेळ हा आहाराचाच एक घटक आहे, ही जाण त्यात दिसते.

आता अन्न निवते कसे, ते पाहू. स्वयंपाकघरातून बराकीपर्यंतच्या वाटेत अन्न गार होते, असा सर्वसाधारण समज आहे आणि त्यामुळे उपायही वाटेचाच सुचवला जातो : चांगले डबे घ्या, झाकणे घट्ट करा, गाडे घ्या. प्रत्यक्षात मोठ्या भांड्यातील अन्न त्या वाटेत फारसे निवत नाही. चाळीस सेंटिमीटर व्यासाच्या व तितक्याच उंचीच्या पातेल्यात सुमारे पन्नास लिटर आमटी मावते. दर लिटरमागे तिचा साधारण दीडशे चौरस सेंटिमीटर पृष्ठभाग बाहेरच्या हवेच्या बाजूला येतो. तीच आमटी दोनशे मिलिलिटरच्या वाटीत ओतली की दर लिटरमागचा पृष्ठभाग हजार चौरस सेंटिमीटरच्या वर, म्हणजे सुमारे सातपट होतो. शिवाय पातेल्याला झाकण असते, वाटीला नसते. झाकलेले भरले पातेले तास-दीड तास सहज चटका देण्याइतके गरम राहील. वाटीतली आमटी पंधरा-वीस मिनिटांत कोमट होईल. घरातली गृहिणी पंगतीला आधी पाने मांडते आणि भात शेवटी वाढते, तिला हे गणित ठाऊक असते. कारागृहात नेमके उलटे घडते. अन्न जेवणाच्या तीन तास आधी पातेल्यातून ताटात येते, आणि ज्या रूपात ते सर्वांत लवकर निवेल त्याच रूपात ते सर्वांत अधिक काळ ठेवले जाते.

कोणी म्हणेल की गार अन्न हे फार तर चवीचे दुःख आहे. पूर्व विदर्भात तरी असे म्हणता येणार नाही. भंडारा-गोंदिया हा धानाचा मुलूख. येथील माणसाचे पोट भातावाचून भरत नाही. आणि शिजवलेला भात हा अवेळी ठेवण्याच्या दृष्टीने मोठा फसवा पदार्थ आहे. 'बॅसिलस सेरियस' नावाच्या जिवाणूचे बीजाणू तांदळात मुळातच असतात. ते शिजवण्याने मरत नाहीत. भात कोमट अवस्थेत काही तास पडून राहिला की ते जागे होतात, वाढतात आणि एक असे विष तयार करतात की जे भात पुन्हा गरम केल्यानेही नष्ट होत नाही. बराकीतल्या उलट्यांचा दोष पाण्याला किंवा भाजीला दिला जातो. त्यांतील काही भाताच्याच असण्याचा संभव नाकारता येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेचा साधा नियम असा, की शिजलेले अन्न वाढेपर्यंत साठ अंश सेल्सिअसच्या वर ठेवावे, आणि खोलीच्या तापमानात दोन तासांहून अधिक ठेवू नये. दुपारी दोन-अडीचला शिजलेला, पाचला वाटलेला आणि आठला खाल्लेला भात या नियमात कोठे बसतो, हे सांगायला शास्त्रज्ञ नको. वैशाखात, विदर्भातील पंचेचाळीस अंशांच्या दुपारनंतर, पत्र्याखाली किंवा तापलेल्या दगडी भिंतीत ठेवलेल्या ताटाविषयी तर बोलायलाच नको. येथे एक गोष्ट आवर्जून सांगितली पाहिजे. अन्न अर्धवट गरम राखणारा स्वस्त डबा हा उघड्या ताटापेक्षा सुरक्षित असतोच असे नाही. चाळीस अंशांवर चार तास रेंगाळणारा भात हा जिवाणूंना घातलेला पाहुणचारच होय.

पोळी-भाकरीची गोष्ट आणखी निराळी. पातळ पदार्थाला बंद भांडे मानवते, पोळीला मानवत नाही. शेकडो गरम पोळ्या एकावर एक रचून पोलादी पेटीत कोंडल्या की त्यांची वाफ झाकणाला लागून पाणी होते आणि तेच पाणी परत पोळ्यांवर ठिबकते. वरच्या पोळ्या लगदा, खालच्या चिकटलेल्या. आपल्याकडील बायका पोळ्या फडक्यात गुंडाळून दुरडीत ठेवतात. बांबूच्या विणीतून वाफ बाहेर जाते आणि ऊब आत राहते. कारागृहाला लागणारे पुष्कळसे तंत्रज्ञान असे बुरडाच्या दारात पडलेले आहे. ते निविदेच्या अटींत बसत नाही, ही अडचण वेगळी.

यावर एक आक्षेप हमखास घेतला जातो, आणि तो टाळून पुढे जाणे योग्य होणार नाही. रोवणीच्या दिवसांत बांधीत दिवसभर चिखल तुडवणारी बाई दुपारी गार भातच खाते, मग गुन्हेगाराला ऊनऊन जेवण कशासाठी? प्रश्न रास्त वाटतो. परंतु त्या बाईने सकाळी बांधलेली शिदोरी दुपारी सोडली तरी रात्री तिच्या घरी चूल पेटते. आणि जेव्हा भूक लागते तेव्हा बांधावर येऊन ती खाते. आपण केव्हा जेवायचे हे तिचे तिला ठरवता येते. दुसरे असे की, या आक्षेपाच्या पाठीमागे एक जुने परदेशी तत्त्व उभे आहे. सरकारी आश्रयाखाली असलेल्या माणसाचे जिणे बाहेरच्या सर्वांत गरीब मजुराच्या जिण्याहून एक पायरी खाली असावे, हे तत्त्व इंग्लंडमध्ये १८३४ च्या गरिबांविषयीच्या कायद्याने रूढ केले आणि तेथून ते तुरुंगालाही चिकटले. आपल्या राज्यघटनेने ते स्वीकारलेले नाही. न्यायालय माणसाला कारावासाची शिक्षा सुनावते, गार अन्नाची सुनावत नाही. आणि आत असलेल्यांपैकी बहुसंख्यांना तर कोणतीच शिक्षा झालेली नसते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीप्रमाणे २०२२ च्या अखेरीस देशातील कारागृहांत ५,७३,२२० माणसे होती आणि त्यांतील ४,३४,३०२, म्हणजे चारांपैकी तीन, न्यायाधीन होती. त्यांतील कित्येक पुढे निर्दोष सुटतील. तोपर्यंत त्यांनी खाल्लेल्या गार जेवणांची भरपाई कोणत्याही निकालपत्रात लिहिलेली नसते.

तुरुंगातले अन्न नेहमीच असे होते, हेही खरे नाही. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात कंपनी सरकारच्या बंगाल इलाख्यात बंद्याला रोजचा भत्ता रोख मिळे. त्यातून तो धान्य घेई आणि आवारातल्या स्वतःच्या चुलीवर शिजवून खाई. अन्न साधे असे, पण चुलीवरून उतरून थेट ताटात पडे. १८३६ साली नेमलेल्या समितीने, तीत मेकॉलेही होता, १८३८ च्या अहवालात या मोकळिकीवर टीका केली. तुरुंगात शिस्त नाही आणि बंदी स्वयंपाकात दिवस घालवतात, असा तिचा रोख होता. पुढच्या दशकात सामाईक स्वयंपाकाची पद्धत सुरू झाली. तिच्याविरुद्ध बिहारमधील कारागृहांत दंगे उसळले. त्या दंग्यांचे मूळ जातीच्या विटाळात होते हे विसरता येत नाही. कोणी शिजवले आणि कोणाच्या हातचे खावे लागणार, हा प्रश्न त्या काळी प्राणाहून मोठा होता. सरकारने यावर शोधलेला तोडगा म्हणजे उच्चवर्णीय बंद्याला आचारी करणे आणि झाडलोट खालच्या मानलेल्या जातींकडे देणे. हा तोडगा स्वातंत्र्यानंतरही कित्येक राज्यांच्या नियमावल्यांत जसाच्या तसा राहिला आणि सर्वोच्च न्यायालयाला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सुकन्या शांता यांच्या याचिकेवरील निकालात तो घटनाबाह्य ठरवावा लागला. सामाईक स्वयंपाकगृह एकदा आले ते कायमचे. आणि एका ठिकाणी शिजवून दुसऱ्या ठिकाणी वाटण्याचा, म्हणजेच अन्न निवण्याचा प्रश्न त्याच्या पाठोपाठ आला.

मग जेवण सातला का वाटले जात नाही? याचे उत्तर स्वयंपाकघरात सापडत नाही; ते हजेरीपटावर सापडते. सूर्यास्तानंतर बराकी उघड्या ठेवायच्या म्हणजे अंधारात शेकडो माणसांची ये-जा, दुसऱ्यांदा मोजणी आणि तेवढे रक्षक पहाऱ्यावर. देशभरातील कारागृहांत मंजूर पदांपैकी सुमारे तीन दशांश पदे २०२२ मध्ये रिकामी होती. त्याच वर्षी देशातील कारागृहांची क्षमता ४,३६,२६६ होती, म्हणजे शंभरांच्या जागेत एकशे एकतीस माणसे. आणि महाराष्ट्राचे प्रमाण या सरासरीच्याही वर होते. थोडक्या माणसांनी दाटीच्या बराकी सांभाळायच्या असल्या की अधीक्षक कुलूप लवकर लावतो. त्याला दोष देणे सोपे आहे. त्याच्या जागी दुसरा कोणी असता तर त्यानेही तेच केले असते. दिवसपाळीचे रक्षक घरी जाण्यापूर्वी जेवण वाटून, मोजणी करून, कुलपे लावून मोकळे होणे, या प्रशासकीय सोयीतून बंद्याच्या जेवणाची वेळ ठरते. अन्नाचे तापमान हे अशा रीतीने रिकाम्या पदांच्या संख्येशी जोडले गेले आहे.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला येथे एक ओळखीची गोष्ट दिसेल. सरकारी अंदाजपत्रकात भांडवली खर्च आणि आवर्ती खर्च यांच्याकडे पाहण्याची नजर सारखी नसते. दुहेरी भिंतीचे, मध्ये फोम भरलेले पोलादी डबे घ्यायचे म्हटले तर तो एकदाचा खर्च. त्याला मंजुरी मिळते, वस्तू येतात, त्यांचे छायाचित्र निघते. सायंकाळच्या पाळीत प्रत्येक कारागृहास दहा-वीस रक्षक अधिक द्यायचे म्हटले तर तो वर्षानुवर्षांचा पगार, पुढे निवृत्तिवेतन. वित्त विभाग त्याला सहजासहजी हात लावू देत नाही. म्हणून ज्या प्रश्नाचे मूळ वेळेत आहे त्यावर भांड्यांचे उत्तर दिले जाते. चांगला डबा पाच वाजता वाढलेले अन्न पाच वाजता गरम देईल, याबद्दल शंका नाही. ते आठ वाजता गरम देण्याचे काम मात्र त्याच्याकडून होणार नाही, कारण आठ वाजता ते त्या डब्यात नसतेच.

दुसऱ्या बाजूला, गार अन्नाचा खर्च कोणत्याच शीर्षाखाली दिसत नाही. सरकार धान्याला पैसे देते, इंधनाला देते, राबणाऱ्या बंद्याला मजुरी देते. त्यातून तयार झालेल्या अन्नाचा जो भाग न खाता मोरीवाटे जातो त्याची नोंद कोठेही ठेवली जात नाही. आहाराच्या तक्त्यात ग्रॅम मोजले जातात ते पातेल्यात टाकताना. पोटात किती गेले हे कोणी मोजत नाही. मग ज्याच्या खात्यावर मनिऑर्डर येते तो उपाहारगृहातून फरसाण नि बिस्किटे घेऊन रात्रीची भूक भागवतो. महाराष्ट्रात २०२३ च्या अखेरीस या उपाहारगृहांच्या यादीत पाणीपुरी व आइसक्रीम यांचीही भर पडल्याच्या बातम्या झळकल्या आणि वाचकांची करमणूक झाली. चैनीच्या वस्तूंवर आक्षेप घेण्याचे कारण नाही. परंतु सार्वजनिक ताट निकृष्ट राहिले की खाजगी ताटाचा बाजार वाढतो, हा नियम कारागृहाच्या भिंतींआडही चालतो, आणि ज्याच्या घरून मनिऑर्डर येऊ शकत नाही त्याला त्या बाजारात जागा नसते.

घरचा डबा ही याच विषमतेची दुसरी बाजू. १८९४ च्या कारागृह कायद्याच्या ३१ व्या कलमाने न्यायाधीन बंद्याला स्वतःच्या खर्चाने, तपासणीच्या अटीवर, बाहेरून अन्न मागवण्याची मुभा दिली होती. मोठ्या खटल्यांतील मोठ्या आरोपींना न्यायालयाने घरच्या जेवणाची परवानगी दिल्याच्या बातम्या अधूनमधून येतात. मुंबईतील धनिकाचा स्वयंपाकी रोज डबा पोचवू शकतो. फुलचूरच्या रोजमजुराच्या बायकोने भंडाऱ्याला किंवा नागपूरला रोज डबा न्यायचा म्हटले तर तिची मजुरी बुडेल आणि भाड्याला तिप्पट पैसे लागतील. कायद्याने दिलेला हक्क अंतराने काढून घेतला, असे याचे वर्णन करता येईल.

परदेशांकडे पाहिले तर दोन वेगळ्या वाटा दिसतात. इंग्लंडच्या कारागृहांत विजेवर तापणारे गाडे वर्षानुवर्षे आहेत. स्वयंपाकघरातून निघालेले अन्न कोठडीच्या विभागापर्यंत गरम पोचते. तरीही तेथील कारागृह निरीक्षकांच्या अहवालांत जेवण फार लवकर दिले जाते, ही तक्रार पुनःपुन्हा येते. गाडा विकत घेता आला, संध्याकाळ विकत घेता आली नाही. कारण तेथेही रक्षकांची पाळी लवकर संपते. डेन्मार्कने दुसरी वाट धरली. १९७० च्या दशकापासून तेथील कारागृहांत बंद्यांनी आवारातल्या दुकानातून सामान घेऊन स्वतः शिजवण्याची पद्धत रुजली. आपल्याकडच्या १८३८ पूर्वीच्या चुलींशी तिचे साम्य पाहून गंमत वाटते. महाराष्ट्रालाही ही कल्पना सर्वस्वी परकी नाही. औंध संस्थानाच्या प्रयोगातून सांगली जिल्ह्यात आटपाडीजवळ उभ्या राहिलेल्या स्वतंत्रपूरच्या खुल्या वसाहतीत बंदी आपापल्या कुटुंबासह राहतात आणि आपल्या चुलीवरचे खातात. 'दो आँखें बारह हाथ' हा १९५७ सालचा चित्रपट याच प्रयोगावरून सुचला. अर्थात जी सवलत विश्वासास पात्र ठरलेल्या मोजक्या माणसांना मिळते ती दाटीच्या बराकीत उद्या देता येईल, असे कोणी म्हणणार नाही. दोनशे माणसांच्या बराकीत चुली पेटवणे शहाणपणाचे नव्हे.

मग बंद बराकीत काय करता येईल? पहिला विचार असा सुचतो की, अन्न ताटात न वाढता ऊब धरणाऱ्या मोठ्या भांड्यांतून कुलूप लागण्यापूर्वी बराकीत नेऊन ठेवावे आणि साडेसातला बंद्यांनीच वाढून घ्यावे. तापमानाच्या दृष्टीने हा उत्तम उपाय होय. कारण आमटी पातेल्यातच राहते. यासाठी परदेशी डबेच हवेत असेही नाही. गोंदियाच्या भातगिरण्यांपाशी धानाच्या तुसाचे ढीग असतात, आणि तूस ऊब धरून ठेवण्यात चांगला वाकबगार आहे. लाकडी पेटीत चारी बाजूंनी व तळाशी वीतभर तूस दाबून बसवला, मध्ये पातेले ठेवले आणि वर तुसाचीच गादी घातली, तर उकळती आमटी कित्येक तास हात भाजण्याइतकी राहते. युद्धकाळात युरोपातील घरांनी वाळक्या गवताच्या पेट्या याच तत्त्वावर वापरल्या. मध्यवर्ती कारागृहांच्या सुतारकाम विभागांतून टेबले-खुर्च्या बनतातच; त्यांना या पेट्या अवघड नाहीत. पातेले पेटीत उकळतेच ठेवले पाहिजे आणि भात त्यात किती वेळ साठ अंशांवर टिकतो हे आधी मोजले पाहिजे, एवढी खबरदारी मात्र अनिवार्य आहे.

परंतु या उपायाला एक गंभीर अडचण आहे, आणि ती उष्णतेची नसून वाटपाची आहे. रक्षकाच्या देखत वाढण्याची पद्धत उगाच पडलेली नाही. पातेले बराकीत शिरले आणि कुलूप लागले की पळी कोणाच्या हाती जाते? जो दांडगा त्याच्या. वर तरंगणारी भाजी त्याच्या गटाला आणि तळाचे पाणी नव्याने आलेल्या पोराला, असे होणार नाही याची हमी कोण देणार? उकळत्या आमटीचे पातेले भांडणात हत्यारही होऊ शकते. गार पण सारखे अन्न आणि गरम पण विषम अन्न, यांत निवड करायची वेळ आली तर दुबळा बंदी पहिलेच पत्करील, आणि त्याचे बरोबर असेल. म्हणून भांडी सुधारण्याआधी वेळ सुधारणे हाच खरा मार्ग उरतो. रमजानच्या महिन्यात अनेक कारागृहांत पहाटेचे व सूर्यास्तानंतरचे जेवण रोजेदारांना त्यांच्या वेळी पोचवले जाते. याचा अर्थ अवेळी अन्न पोचवणे प्रशासनाला जमते. वर्षातून एक महिना, थोड्या लोकांसाठी का होईना, ते जमवून दाखवलेले आहे. वाटप साडेसहाला नेऊन ते बराकीच्या दारातील गजांतून, कुलूप न उघडता, रक्षकासमोर मापाने करणे हा मधला मार्ग आहे. त्याला प्रत्येक बराकीमागे तास-दीड तासाची जादा पाळी लागेल. तेवढा आवर्ती खर्च राज्याने सोसावा, कारण त्याविना डब्यांवर होणारा भांडवली खर्च बव्हंशी वाया जातो.

एक सुधारणा तर खर्चावाचून होण्यासारखी आहे. तयार अन्नाची चव अधिकाऱ्याने घेऊन पाहावी, असा जुना दंडक आहे. ही चव स्वयंपाकघरात, पातेले चुलीवरून उतरताना घेतली जाते. त्या क्षणी जगातले बहुतेक अन्न चांगलेच लागते. तपासणीला येणाऱ्या न्यायाधीशांपुढे आणि अभ्यागत मंडळापुढेही तेच ताट येते. ते ताट बराकीतून, बंद्याचे खाणे चालू असेल त्या वेळी, कोणतेही एक उचलून मागवले पाहिजे. एका साध्या तापमापीने आमटीचे तापमान बघून भेटीच्या वहीत लिहिले तर काही महिन्यांत प्रत्येक कारागृहाची स्थिती कागदावर येईल. राज्याने अंगणवाडीच्या मुलांसाठी "गरम ताजा आहार" हा शब्दप्रयोग केव्हाच स्वीकारला आहे, तेव्हा शब्दांचीही उणीव नाही.

आणि मुले कारागृहातही असतात. सहा वर्षांखालील मूल आईबरोबर आत राहू शकते. त्याच्या आहाराविषयी सर्वोच्च न्यायालयाने १३ एप्रिल २००६ च्या आर. डी. उपाध्याय खटल्यातील निकालात सविस्तर निर्देश दिले. तीन वर्षांचे पोर पाच वाजता जेवून सकाळपर्यंत झोपत नाही. रात्री ते उठून खायला मागते तेव्हा आईपाशी दुपारचा भात असतो. भाताविषयी वर जे लिहिले ते सर्वांत आधी या पोराला लागू पडते. म्हणून वेळेची सुधारणा सुरू करायचीच तर ती महिला विभागापासून करणे सयुक्तिक होईल. तेथील संख्या तुलनेने थोडी असते आणि प्रयोगाला खर्चही कमी येईल.

उरतो तो तारखेला नेलेला बंदी. सकाळी मोजणीनंतर तो गाडीत बसतो, दुपारचे जेवण चुकते, आणि न्यायालयाचे काम आटोपून, वाटेतले फाटक व वाहतूक ओलांडून तो परत येतो तेव्हा बराकी बंद होण्याची वेळ झालेली किंवा टळून गेलेली असते. त्याच्या वाटणीचे ताट कोणीतरी राखून ठेवलेले असते, आणि तेच सर्वांत गार असते. जिल्हा न्यायालय एका गावी आणि कारागृह दुसऱ्या गावी असले की हा प्रसंग अधिकच वारंवार येतो. प्रवेशद्वारापाशी तुसाची एक पेटी ठेवून परत येणाऱ्या गाडीतील माणसांच्या संख्येइतके अन्न पातेल्यातच राखले, आणि गाडी आत येताच द्वारावरील रक्षकासमोर ते वाढले, तर दहा-वीस माणसांपुरती वाटपाची भांडणेही उद्भवत नाहीत आणि जादा पाळीही लागत नाही.